आपापल्या भाषेतलं हेवी मेटल: वाचकांचे प्रश्न

हेवी मेटल या जड गिटारच्या रॉक संगीतावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता. हे संगीत इंग्रजीबाहेर, आपापल्या भाषेत आणि आपापल्या ठेक्यात कसं वाजतं, आणि मराठीत ते करायचं तर काय करावं लागेल?

प्रश्न : मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणारी. घरातली तरुण मंडळी मेटल लावतात तेव्हा मला नुसता गोंगाट ऐकू येतो. यात सूर आहे का? असेल तर कान कुठे लावायचा?

सूर आहे, आणि तुमच्या कानाला तो इतरांपेक्षा लवकर सापडेल. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. त्याच्या पहिल्याच गाण्यात गिटार तीनच स्वर वाजवते : सा, तार सा आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. यमनमध्ये तीव्र मध्यमाला गंधार आणि पंचम यांचा शेजार असतो, म्हणून तो गोड लागतो. इथे पंचम येतच नाही. मध्यम षड्जावर तसाच टांगलेला राहतो, लय अतिविलंबित असते आणि पुढचा स्वर येईपर्यंत अस्वस्थ वाटत राहतं. हे गाणं आवाज मध्यम ठेवून तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बास गिटार, दुसऱ्यांदा फक्त ड्रम, तिसऱ्यांदा सगळं. थरांची ओळख पटली की गोंगाट वाटणं बरंच कमी होतं.

गिटारच्या खरखरीत आवाजामागेही हिशोब आहे. मेटलमध्ये बहुतेक वेळा फक्त सा आणि प हे दोनच स्वर एकत्र छेडतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. गिटारची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्‌झवर असते आणि तिचा पंचम १२३.५ वर. डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रणेतून, दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा स्वरही तयार होतो. इथे तो साधारण ४१ हर्ट्‌झ, म्हणजे बरोबर मंद्र षड्ज. गिटारवर जो स्वर वाजवलेलाच नाही तो खालून ऐकू येतो, आणि त्यातून ते वजन येतं. आता यात शुद्ध गंधार (१०३.८) घाला. वजाबाक्या २१.४ आणि १९.७ अशा येतात. दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत आणि कॉर्ड चिखलासारखी होते. गंधार टाळण्यामागे हे कारण आहे. तंबोऱ्यावर पंचम-षड्जाची जोडी ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही.

नंतर रिफमध्ये, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरगटात, कोमल रिषभ शोधा. सा-सा-सा-रे॒-सा अशी घासाघीस मेटलमध्ये जागोजागी भेटेल. पाश्चात्त्य लोक ज्याला फ्रिजियन म्हणतात तो आपला भैरवी थाट. त्यातला गंधार शुद्ध केला की बसंत मुखारीचे स्वर होतात, आणि मेटलमधले कितीतरी सोलो त्याच स्वरांवर चालतात. रागाची चलनं, न्यास, वादी-संवादी तिथे शोधू नका. स्वरसप्तक तेवढं सारखं आहे, राग नाही.

प्रश्न : इंग्रजी नसलेलं, मातीतलं मेटल ऐकायचं आहे. कोणते अल्बम घ्यावेत? यादी नको, मत हवं.

मत देताना एक कसोटी लावतो. लोकवाद्याचा ट्रॅक मनातल्या मनात बंद करा. त्यानंतरही रिफमधून किंवा ठेक्यातून प्रदेश ओळखू आला, तर तो अल्बम खरा. नाही आला, तर ते नेहमीचं मेटल आहे आणि वर बासरी ठेवली आहे.

या कसोटीवर ब्राझीलच्या सेपल्तुराचा ‘रूट्स’ (१९९६) आजही पहिला येतो. गंमत म्हणजे त्याचे शब्द बहुतांशी इंग्रजीच आहेत. पण बँड माटो ग्रोसो भागात शवांते आदिवासींकडे गेला, त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण केलं आणि कार्लिन्योस ब्राउन या तालवादकाला सोबत घेतलं. गिटार खूप खाली उतरवली, स्वर कमी केले आणि मोकळी जागा तालवाद्यांना दिली. रिफच ड्रमसारखे वाजतात. गिटारची करामत अपेक्षित असेल तर हा अल्बम रुक्ष वाटेल. आमच्या मते तो रुक्षपणा हेच त्याचं बळ.

न्यूझीलंडच्या एलियन वेपनरीचा ‘तू’ (२०१८) मुख्यतः माओरी भाषेत आहे. त्यातलं एक गाणं १८६४ च्या गेट पा इथल्या लढाईवर आहे. वसाहतवाल्या ब्रिटिश सैन्याशी झालेली ही लढाई. हाका या माओरी नृत्यातली सामूहिक आरोळी आणि थ्रॅश या वेगवान मेटलमधला कोरस यांची वीण इतकी घट्ट आहे की सांधा सापडत नाही. माओरीत जवळपास प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, त्यामुळे घोषणा मोकळ्या घशाने देता येते. मराठीत लिहिणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. त्याबद्दल पुढे येईलच.

मंगोलियाच्या द हू या बँडचा ‘द गेरेग’ (२०१९) सर्वांत लोकप्रिय आणि ऐकायला सर्वांत सोपा. मोरिन खूर हे घोड्याच्या डोक्याच्या आकाराची मूठ असलेलं दोन तारांचं गजवाद्य, आणि त्यासोबत कंठगायन. मात्र गाण्यांची लय आणि बांधणी एकमेकींसारखी आहे. एका बैठकीत चार गाण्यांपुढे जाऊ नका, सगळं एकच वाटायला लागेल.

फिनलंडमध्ये दोन टोकं भेटतात. फिनट्रोलचा ‘नाटफ्योड’ (२००४) हुंपा नावाच्या तिथल्या जलद नाचाच्या ठेक्यावर नाचतो. बँड फिनलंडचा असला तरी गातो स्वीडिशमध्ये. मूनसॉरोचा २००७ चा अल्बम याच्या अगदी उलट. ५६ मिनिटांत दोनच गाणी. ज्यांना ख्यालाची बढत ऐकायची सवय आहे त्यांनी लांबीला घाबरण्याचं कारण नाही. एकच कल्पना सावकाश उलगडत जाते आणि घाई कुठेही नाही. आमची पसंती मूनसॉरोला.

तैवानच्या थॉनिकचा ‘ताकासागो आर्मी’ (२०११) दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यात लढलेल्या तैवानी आदिवासींची कथा सांगतो. अरहू हे गजवाद्य त्यात सजावट म्हणून येत नाही, दुसऱ्या गायकासारखं बोलतं. इस्रायलच्या ऑर्फन्ड लँडचा ‘माबूल’ (२००४) अरबी-हिब्रू सुरावटींमुळे आपल्या कानाला जवळचा वाटेल. लांबी थोडी जास्त झाली आहे, मधली काही वळणं कापता आली असती.

आता शेजारी येऊ. बांगलादेशात मातृभाषेत मेटल गाण्याची परंपरा मजबूत आहे आणि आपल्याकडे तिची दखल फार कमी घेतली जाते. ढाक्याचा वॉरफेझ १९८४ मध्ये सुरू झाला आणि त्यांचा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला. आर्टसेलचा ‘अनिकेत प्रांतर’ (२००६) जरूर ऐका. त्याचं शीर्षकगीत सोळा मिनिटांचं आहे. बंगाली शब्द गुरगुरून न गाता स्वच्छ गायले आहेत, त्यामुळे कविता ऐकू येते आणि गिटारचं वजनही कमी होत नाही. केरळच्या द डाउन ट्रॉडन्सने २०१४ च्या अल्बममध्ये मल्याळम शब्द आणि तिथले ठेके थ्रॅशमध्ये आणले. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनचा ‘दशावतार’ (२०१७) दहा अवतारांवर दहा गाणी करतो. विषय आपला, भाषा इंग्रजी, तबला आणि बासरी जागोजागी. कसोटी लावली तर हा अल्बम ताकदीचं डेथ मेटल (गुरगुरून गायलेलं जड मेटल) आहे, पण ठेक्याने तो आपला होत नाही. सिंगापूरच्या रुद्राने १९९२ पासून वेदान्त आणि संस्कृत श्लोक हाच आपला विषय ठेवला आहे. श्लोकाचं पठण आणि रिफ यांची लय एकच ठेवण्याची त्यांची पद्धत अभ्यास करण्यासारखी आहे.

प्रश्न : ब्लडीवूड म्हणजे मेटलच्या नावाखाली भांगडा, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

अर्धं पटतं. नवी दिल्लीच्या या बँडची सुरुवात लोकप्रिय गाण्यांच्या विनोदी मेटल आवृत्त्यांपासून झाली आणि त्या काळातली गाणी आज पुन्हा ऐकावीशी वाटत नाहीत. पण ‘रक्षक’ (२०२२) हा अल्बम वेगळा आहे. त्यात ढोल ड्रमच्या वर ठेवलेला नाही. गिटारचा तुटक आघात आणि ढोलाची थाप एकाच मात्रेवर पडतात, आणि बासरी बरेचदा रिफच वाजवते, वेगळी धून नाही. हिंदी-पंजाबी कोरस आणि इंग्रजी रॅप यांची अदलाबदल योग्य जागी होते. उणीव अशी की जवळपास प्रत्येक गाणं त्याच उंचीवर सुरू होतं आणि तिथेच राहतं. उतार नसला की चढ जाणवत नाही. ‘नू दिल्ली’ (२०२५) मध्ये आवाज अधिक सफाईदार झाला, ही उणीव मात्र राहिली. हा मेटलच आहे, रॅप आणि मेटल मिसळणाऱ्या नू मेटलच्या घराण्यातला. ते घराणं आवडत नसेल तर ढोल काढूनही तो तुम्हाला आवडणार नाही.

प्रश्न : ग्राउल (मेटलमधलं गुरगुरणारं गायन) करताना घसा दुखतो. रोज दोन तास सराव करतो आहे. सवय झाली की थांबेल का?

थांबणार नाही, वाढेल. दोन तास आजच बंद करा. दुखतंय याचा अर्थ तुम्ही मूळ स्वरतंतू एकमेकांवर घासता आहात. नीट ग्राउलमध्ये काम करतात ते त्यांच्या वर असलेल्या मांसल घड्या. मंगोल-तुवा भागातल्या कारगिरा कंठगायनातही याच घड्या कंप पावतात, मूळ स्वराच्या निम्म्या गतीने, म्हणून एक सप्तक खालचा स्वर उमटतो.

सुरुवात उसाशापासून करा. थकून सुस्कारा टाकतो तसा ‘हाऽ’ आवाजाविना सोडा. मग तोच श्वास पोटाने हळूहळू दाबा, घशाने नाही. वजन उचलताना जो ‘हं’ निघतो त्या जागेवर खरखर सापडते. आवाज सुरुवातीला लहानच येईल. ग्राउल मुळात मोठा नसतो, माइक त्याला मोठा करतो. मोठा काढण्याच्या नादातच घसा जातो. पहिले काही आठवडे पंधरा मिनिटं पुरे, मध्ये विश्रांती, कोमट पाण्याचे घोट. टोचलं, खोकला आला किंवा खाजलं की त्या दिवसापुरतं थांबायचं. सरावानंतर बोलण्याचा आवाज बसला तर पद्धत चुकते आहे. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाऊन स्वरयंत्र तपासून घ्या.

प्रश्न : मराठीत मेटलची गाणी लिहितो, पण शब्द रिफवर बसत नाहीत. इंग्रजी चालीत मराठी कोंबल्यासारखं वाटतं.

कारण तुम्ही रिफ आधी रचता आणि तो इंग्रजीच्या आघातांवर रचलेला असतो. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची चेपली जातात. मराठीत वजन ऱ्हस्व-दीर्घातून येतं. म्हणून क्रम उलटा करा. आधी वृत्त, मग रिफ.

भुजंगप्रयात घ्या, मनाच्या श्लोकांमुळे तो सगळ्यांच्या जिभेवर आहे. एका गणात लघु, गुरू, गुरू, आणि असे चार गण. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे गणाच्या पाच आणि ओळीच्या वीस. गिटारवर हेच वाजवा : एक छोटा, हाताने दाबलेला आघात आणि त्यानंतर दोन लांब कॉर्ड. पाच मात्रांचा रिफ तयार. दोन गणांत झपतालाचं एक आवर्तन भरतं, ओळीत दोन. झपतालाची पहिली आणि सहावी मात्रा बरोबर गणाच्या आरंभावर येते, तिथे किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ठेवा. उदाहरणाला ही ओळ घ्या :

उठे लाट काळी फुटे बांध सारा

वृत्तात ही ओळ चोख आहे, पण ओरडून गाताना दोन ठिकाणी घसरेल. दुसरा गण ‘लाट’मधल्या ‘ट’ने सुरू होतो आणि चौथा ‘बांध’मधल्या ‘ध’ने. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा अ खातो. लाट्, बांध् असं म्हणतो. श्लोक म्हणताना तो अ पूर्ण उच्चारतो, ग्राउलमध्ये तो हमखास गिळला जातो आणि रिफमधली छोटी मात्रा रिकामी पडते. याला दोन उपाय. एक, गणाचा लघु शब्दाच्या आरंभी येऊ द्या आणि त्यात इ किंवा उ असू द्या, जसा ‘उठे’ आणि ‘फुटे’ मध्ये आहे. दोन, तो लघु गायकाने सोडायचा आणि स्नेअरने (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमने) वाजवायचा. दुसरा उपाय जास्त परिणामकारक ठरतो, कारण आवाजाची पोकळी तालाने भरते.

पाच मात्रा ड्रमरला जड जात असतील तर प्रत्येक गणाचा शेवटचा गुरू एका मात्रेने लांबवा. एक, दोन, तीन मिळून सहा. दादऱ्याचा झोल येतो आणि पाय आपोआप हलतो. मात्र पाचातली अडखळ गेली की मेटलला हवा असलेला ताणही थोडा जातो. आमचा कौल पाचाला.

थ्रॅशसारखी सरळ चार-चारची धाव हवी असेल तर अष्टाक्षरी सोपी. आठ अक्षरं, आठ आघात. मोठ्या अभंगाचा छंद याहून रंगतदार आहे : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. छंदात प्रत्येक अक्षराला सारखंच वजन मिळतं, त्यामुळे शेवटच्या चार अक्षरांनंतर दोन जागा मोकळ्या राहतात. तिथे गायकाने गप्प बसायचं आणि गिटारने दोन घाव घालायचे. दर कडव्यात चार वेळा तेच केलं तर ऐकणारा त्या घावांची वाट बघायला लागतो. मग एखाद्या वेळी ते घाव गाळा. पोवाड्यात शाहीर ओळ संपवतो आणि झीलकरी ‘जी जी’ उचलतात, तीही हीच जागा. कोरस तिथे ठेवा.

ध्वनींचं गणितही सांभाळावं लागतं. क, ख, ट, ठ, त, प ही व्यंजनं डिस्टॉर्शन कापून बाहेर येतात. ल, व, य विरघळतात. ओळीचा शेवट म किंवा न वर आला तर तोंड मिटतं नाहीतर जीभ वर लागते, आणि ग्राउल तुटतो. शेवट आ किंवा ओ वर करा. ई हा स्वर खालच्या ग्राउलमध्ये पातळ होतो, वरच्या किंकाळीत मात्र तोच चमकतो. जोडाक्षरं सलग तीनपेक्षा जास्त ठेवू नका. कागदावर ती भारदस्त दिसतात, पण गाताना चिखल होतो. आणि ‘रक्त’, ‘मृत्यू’, ‘अंधार’ या शब्दांवर सगळं गाणं उभं करू नका. दुष्काळ, धरण, गिरणी, वाडा हे विषय मेटलच्या वजनाला पुरून उरतील.

प्रश्न : गिटार काळी एकवर उतरवली तर तारा लटकतात आणि स्वर हलतो. आमच्या गायकाची पट्टी तीच आहे, काय करावं?

पट्टी योग्य निवडली आहे. गिटारचं नेहमीचं ट्यूनिंग पांढरी तीन, मेटलमध्ये पांढरी दोन आणि पांढरी एक सर्रास चालतात. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ मध्ये गिटार तीन अर्धस्वर उतरवून काळी एकवरच आणली होती. पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली होती आणि सैल तारा दाबायला सोप्या पडत. तो हलक्या तारा वापरी. आजच्या जलद, दाबून वाजवायच्या रिफला तेवढी सैल तार पुरत नाही.

तुमच्याकडे बहुधा १०-४६ चा संच असेल (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात). तो काढून ११-५४ किंवा १२-५६ लावा. स्केल, म्हणजे तारेची मोकळी लांबी, २४.७५ इंच असेल तर जाड संचच घ्या, २५.५ इंच असेल तर ११-५४ भागतो. नुसत्या तारा बदलून मात्र काम होत नाही. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकली तर ट्यूनिंग करताना ‘टिक’ असा आवाज येतो आणि स्वर उडी मारतो. अशी खाच जाणकाराकडून रुंद करून घ्या. मग मान तपासा. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून सातव्या पडद्यापाशी तिच्याखाली पातळ व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकीच फट हवी. मानेतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि लाकडाला रात्रभर सावरू द्या. शेवटी बाराव्या पडद्यावरचा स्वर ट्यूनरवर मोकळ्या तारेच्या सप्तकाशी जुळवा. स्वर चढा येत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता असेल तर पुढे. एवढं करूनही स्वर आघाताला चढतो आणि मग उतरतो असं झालं तर दोष हाताचा. पिक हलकं मारा.

प्रश्न : संबळ, ढोल आणि सनई घेऊन आमच्या बँडचं गाणं मुद्रित केलं. वेगवेगळे ट्रॅक छान आहेत, एकत्र केले की सगळं बसकं होतं. गिटार चार वेळा कॉपी केली तरी दबते.

कॉपी केलेला ट्रॅक गिटारला मोठं करतो, रुंद नाही. दोन्ही बाजूंना तेच वाजलं की कान ते मध्यभागीच ऐकतो. तोच रिफ दोनदा वेगळा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. वाजवण्यातले बारीक फरकच रुंदी देतात. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, सरावाला ठेवता त्यापेक्षा बराच कमी ठेवा. दोन ट्रॅकची खरखर बेरजेने वाढते आणि जास्त गेनमध्ये आघात हरवतो.

बसकेपणाचं मूळ खालच्या पट्ट्यात आहे. ढोलाचा घुमारा, किक ड्रम आणि बास गिटार तिघंही साधारण ५० ते १२० हर्ट्‌झमध्ये भांडतात. तिघांना एकाच वेळी राजा करता येत नाही. प्रत्येक भागापुरता एक निवडा. ढोल प्रमुख असेल त्या कडव्यात किकचा खालचा भाग कापा आणि तिची फक्त ३ ते ५ किलोहर्ट्‌झमधली टिचकी ठेवा. गिटारला ८०-१०० हर्ट्‌झखाली कापून टाका. एकटी ऐकताना ती पातळ वाटेल, मिश्रणात बासच तिचं पोट भरतो. संबळाचा वरचा, टणक आवाज स्नेअरच्या जागेवर येतो. दोघांनी एकाच मात्रेवर वाजवू नये, आलटून-पालटून वाजवावं. ही दुरुस्ती रचनेतच करायची, मिक्सिंगमध्ये नाही.

ढोलाच्या दोन्ही तोंडांना माइक लावले असतील तर एकाची पोलॅरिटी, म्हणजे संकेताची दिशा, उलटी करा. थाप पडली की दोन्ही कातडी एकाच दिशेला सरकतात. म्हणजे एका माइकपासून दूर आणि दुसऱ्याकडे. तशीच बेरीज केली तर घुमारा एकमेकांना खातो. बटण दाबून दोन्ही प्रकारे ऐका, जड वाटेल तो ठेवा. माइक कातड्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर, पातळीची शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास.

सनईचा प्रश्न वेगळा. गिटारच्या पडद्यांवर प्रत्येक अर्धस्वराचं अंतर सारखं ठरलेलं आणि सनईवाला रागाचा कोमल रिषभ किंचित उतरता लावतो. पॉवर कॉर्डवर तो खोटा वाटतो. सनईवाल्याला ‘बरोबर’ करायला लावू नका. त्या जागी गिटारने फक्त षड्ज धरून ठेवावा, पंचमही सोडावा. सनई लगेच सुरात येते आणि गाण्याला श्वास मिळतो.

प्रश्न : सीडी, विनाइल की मोबाइल? मेटलसाठी काय चांगलं?

माध्यमापेक्षा मास्टरिंग, म्हणजे गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा संस्कार, महत्त्वाचं. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) इतका चढवून मास्टर केला होता की आवाज फाटतो, आणि त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ खेळातली आवृत्ती अधिक स्वच्छ निघाली. मोबाइलवर ऐकताना दर्जा ३२० केबीपीएस किंवा लॉसलेस ठेवा. १२८ वर झांजा सळसळीत, पाण्यासारख्या ऐकू येतात, आणि मेटलमध्ये झांजा अखंड वाजतात.

प्रश्न : मेटल म्हणजे सैतानपूजा का?

नाही. काही बँडनी ती प्रतिमा वापरली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल वर्तुळातल्या काही जणांनी चर्च जाळली, खूनही झाले. ते गुन्हे होते आणि त्यांना शिक्षा झाल्या. वर सांगितलेले माओरी, बंगाली किंवा संस्कृत अल्बम ऐकलेत तर विषयांचा पल्ला कळेल.

प्रश्न : मुलांना पहिल्यांदा मेटलच्या कार्यक्रमाला नेणार आहे. कानांची काळजी कशी घ्यावी?

८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. मंचासमोर पातळी त्याहून वर जाते, म्हणून प्लग गाणी सुरू होण्याआधी घाला. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो काम करत नाही. फोममुळे झांजा बुजतात, तर फिल्टरवाले संगीताचे प्लग सगळ्या पट्ट्यांत आवाज बऱ्यापैकी सारखा कमी करतात. लहान मुलांच्या कानात प्लग नीट बसत नाही, त्यांना कानावरून येणारे मफ घाला. स्पीकरच्या रांगेपासून दूर, मागे ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाजवळ उभे राहा. मिक्स तिथल्या कानांनीच केलेला असतो, त्यामुळे गाणंही तिथेच सर्वांत नीट ऐकू येतं.